घरी अंघोळ कोण घालतं?

“ह्या बाप्याला भाईर काढा! ह्यो माजं लुगडं वढतोय!”

फोनवर शेंडगे सिस्टर बोलत होत्या, पण त्यांच्या आवाजामागून हे वाक्य मला स्पष्ट ऐकू आलं. आवाज म्हातारीचा होता. मग स्टीलचं काहीतरी खाली पडलं.

“मॅडम, ताबडतोब फीमेल वॉर्डला या,” सिस्टर म्हणाल्या. “सिक्युरिटीला बोलावलंय.”

मी मुळशी तालुक्यातल्या एका हॉस्पिटलात मेडिकल सोशल वर्कर आहे. पेशंटचा आजार डॉक्टर बघतात, पेशंटच्या भोवतीची माणसं मी बघते. रात्री कोण थांबणार, सही कोण करणार, घरी गेल्यावर कोण सांभाळणार, आणि या सगळ्यात कोण कुणाशी भांडणार. हे काम मी पुष्कळ वर्षं करते आहे. त्या दुपारी जिना चढताना मला वाटलं होतं की हा पाच मिनिटांचा मामला आहे.

वॉर्डच्या दारात गार्डनं एका माणसाचा दंड धरला होता. खरं म्हणजे तो दंड गार्डच्या एका हातात मावत नव्हता. पन्नाशीचा, अंगानं दांडगा, दोन्ही कान कुस्तीनं मोडलेले. अंगात पांढरा सदरा, तोही छातीपासून खाली ओला. तो सुटायची धडपड करत नव्हता, नुसता जमिनीकडं बघत उभा होता.

हे रामदासभाऊ. नावं मी सगळ्यांची बदलली आहेत. हिंजवडीजवळच्या माण गावचे. जमीन आयटी पार्कात गेली, उरलेल्या तुकड्यावर खोल्या बांधून भाड्यानं दिल्या. गावात त्यांना सगळे पैलवान म्हणतात. आत ओरडत होत्या त्या त्यांच्या आई, सोनाबाई. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या. डिमेन्शिया जुना, आणि आता लघवीचं इन्फेक्शन होऊन ताप चढला म्हणून आदल्या दिवशी ॲडमिट केलेल्या.

तक्रार समोरच्या कॉटवरून आली होती. तिथं एका शुगरच्या पेशंटची मुलगी बसलेली असायची. प्रियंका. मूळची अमरावतीची, भूगावला फ्लॅटमध्ये राहणारी, लॅपटॉप मांडीवर घेऊन आईजवळ काम करणारी. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, “मॅम, मी स्वतः पाहिलं. त्यांनी पडदा ओढला, पण पूर्ण ओढला नव्हता. आजींच्या अंगावर एक जुनी साडी टाकली आणि साडीच्या खालून हात घातला. आजी नाही नाही म्हणत होत्या, तरी ते थांबले नाहीत. मला गप्प बसणं जमलं नाही.”

“बरं केलंत सांगितलंत,” मी म्हणाले. ते मी मनापासून म्हणाले होते. आजही तसंच म्हणेन.

आता हे सांगायला हवं. डिमेन्शिया म्हणजे नुसता विसरभोळेपणा नाही. त्यात माणूस काही वर्षांत हळूहळू ओळखी, जागा, रीतीभाती हरवत जातो. त्यातच ताप आला, इन्फेक्शन झालं, जागा बदलली, की तो एकदम चार पायऱ्या खाली येतो. त्याला डिलिरियम म्हणतात. काल मुलाच्या हातून जेवणारी बाई आज त्याला चोर समजते. हे मला पुस्तकातून माहीत होतं आणि अनुभवानंही माहीत होतं. नवीन नर्सेसना ट्रेनिंगमध्ये हे मीच शिकवते.

पण दुसरी गोष्टही मला माहीत होती. म्हाताऱ्या, आजारी बायकांवर घरातच अत्याचार होतात आणि त्यांचं बोलणं ‘भ्रमात आहे’ म्हणून सोडून दिलं जातं. तेव्हा प्रश्न विचारायलाच हवे होते. ते मी विचारले, पण नर्सिंग स्टेशनच्या काउंटरवर उभं राहून. एका बाजूला गार्ड, दुसऱ्या बाजूला शेंडगे सिस्टर, आणि पाठीमागं पाण्याच्या बाटल्या भरायला आलेली नातेवाइकांची रांग.

“कपडे तुम्हीच का बदलत होता? सिस्टरना, वॉर्डातल्या मावशींना का नाही बोलावलंत?”

“सवय हाय,” ते म्हणाले.

“कसली सवय?”

“घरी मीच करतो.”

“घरात बाईमाणूस नाही?”

“हाय. मालकीण हाय.”

“मग त्या का करत नाहीत?”

त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, परत घातली. मागं रांगेत कुणीतरी कुणाच्या तरी कानात काहीतरी म्हणालं. ते त्यांनी ऐकलं, मीही ऐकलं. रांगेत माणचे दोघं होते हे मला नंतर कळलं. त्यांना अर्थातच तेव्हाच दिसलं होतं.

“साडीखाली हात कशाला घातलात?” मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. इतका वेळ ते रागावले असतील असं मला वाटत होतं. तो राग नव्हता. शाळेत भर वर्गात ज्याची चड्डी ओली झाली आहे अशा मुलाचा चेहरा होता तो.

“पुसत हुतो,” ते म्हणाले. “घान झाली हुती.”

आमचे मेडिकल सुपरिंटेंडेंट डॉ. अभ्यंकर खाली आले. त्यांनी नियमाप्रमाणे सांगितलं की लेडी डॉक्टर पेशंटला तपासतील, आणि तोवर या गृहस्थांनी वॉर्डात यायचं नाही. फीमेल वॉर्डात पुरुष नातेवाइकानं राहू नये असा आमचा नियम होताच. आदल्या दिवशी गर्दीत तो कुणी पाळला नव्हता, एवढंच.

रामदासभाऊंनी मान हलवली. गार्डनं दंड सोडला. ते पायऱ्या उतरून गेले. वॉर्डमध्ये त्यांच्या चपला तशाच कॉटखाली राहिल्या होत्या.

संध्याकाळपर्यंत लेडी डॉक्टरनी तपासून सांगितलं की काही नाही. अंगावर ओरखडा नाही, जुनी-नवी जखम नाही. उलट त्या म्हणाल्या, “इतकी वर्षं डायपरमध्ये असलेल्या पेशंटची स्किन एवढी चांगली मी पाहिली नाही. घरी कुणीतरी फार मनापासून करतंय.” आणि तोवर सोनाबाईंनी तेच वाक्य शेंडगे सिस्टरना ऐकवलं होतं, दोन मावश्यांना ऐकवलं होतं, आणि सलाईन लावायला आलेल्या मुलीला तर त्या चावल्या होत्या. म्हणजे जवळ येणारा प्रत्येक जण त्यांच्या लेखी लुगडं ओढणारा बाप्या होता.

मी रामदासभाऊंना फोन लावला. स्विच्ड ऑफ.

दुसऱ्या दिवशी सकाळी राउंडला सोनाबाईंची अवस्था बघवत नव्हती. खाणं नाही, पाणी नाही. मावशींनी डायपर बदलायचा प्रयत्न केला तर ओरबाडणं. सलाईन उपसून काढलेलं. झोपेचं इंजेक्शन दिलं तर त्या गुंगीत भरवता येईना, घास श्वासनलिकेत जायची भीती. शेवटी हातांना बँडेजचे जाड मोजे करून ते कॉटच्या कठड्याला बांधले. फाइलमध्ये याला फिजिकल रिस्ट्रेंट म्हणतात. मराठीत बांधून ठेवणं म्हणतात.

“ढमाले मॅडम, मुलगा कुठाय?” डॉ. अभ्यंकरांनी विचारलं.

“फोन बंद आहे, सर.”

“बंद आहे म्हणजे? पेशंट टाकून गेला?”

“आपणच बाहेर काढलं, सर.”

“वॉर्डाबाहेर काढलं. हॉस्पिटलबाहेर नाही.” मग ते जरा थांबले. “शोधून आणा. असंच चाललं तर इन्फेक्शन राहील बाजूला, आणि त्या न्यूमोनियानं नाहीतर बेडसोरनं जातील.”

बेडसोर म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्यानं कातडी मरून होणारी जखम. म्हाताऱ्या माणसाला ती भरून यायला महिने लागतात, व्हायला मात्र फारसा वेळ लागत नाही.

मी स्कूटरवर निघाले. नांद्यावरून माणला जाणारा रस्ता मला पाठ आहे. मी पौडची, माझी एक मावशी त्या बाजूला दिली होती. पूर्वी दोन्ही अंगाला भाताची खाचरं असायची. आता एका खाचरात भात आणि शेजारच्या खाचरात टॉवरचा पाया. वाटेत काँक्रीट मिक्सरच्या मागं अडकले, तेवढ्या वेळात मनात भाषण तयार केलं. ‘तुमच्या भावना आम्ही समजू शकतो. पण पेशंटच्या हितासाठी…’ अशा सुरुवातीचं. नातेवाइकांना ऐकवायला माझ्याकडं अशी बरीच भाषणं आहेत.

पैलवानांचं घर विचारावं लागलं नाही. तीन मजली, खाली घर, वर भाडेकरू मुलं, जिन्यात त्यांचे बूट आणि कपडे वाळत घातलेले. दार मालकिणीनं उघडलं. मंगलताई. कमरेला पट्टा बांधलेला, एका हातानं दाराची चौकट धरलेली.

“हास्पिटलातनं आलाय व्हय?” त्या म्हणाल्या. “आत्याबाई गेल्या का?”

“न्हाई, न्हाई. हायेत,” मी म्हणाले. घाईत माझी घरची भाषा येते.

त्यांनी मला आत घेतलं, पाणी दिलं आणि हळूच खाटेवर टेकल्या. त्यांना सरळ बसवत नव्हतं. मणक्याची चकती सरकलेली, वाकायचं नाही, उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. ‘मग त्या का करत नाहीत?’ या माझ्या प्रश्नाचं उत्तर हे होतं. ते एका वाक्याचं होतं. रामदासभाऊंनी ते चारचौघांत दिलं नाही, कारण बायकोचं दुखणं सांगून आपण सुटायचं, हे त्यांना बरं वाटलं नसावं. हा माझा अंदाज. मी त्यांना कधी विचारलं नाही.

“ते वर टेरेसवर हायेत,” मंगलताई म्हणाल्या. “कालपासनं खाली आलं न्हाईत. जेवान वर पाठवलं, तसंच माघारी आलं. काय झालं हो तितं? कायबी सांगत न्हाईत.”

मी सांगितलं. सगळं सांगितलं, काउंटरवरचे प्रश्नसुद्धा. त्या ऐकता ऐकता पदराशी चाळा करत राहिल्या. मग दाराकडं बघून आवाज खाली आणला.

“मॅडम, तुमाला एक सांगते. त्यांना कळू दिऊ नका. माज्या कमरंचं झाल्यापासनं ते समदं करत्यात. पयल्यांदा आत्याबाई लई आरडायच्या. पोराला वळखतच न्हाईत तर काय. बाप्या दिसला की आंग चोरायच्या. येकदा तर न्हानीत पडल्या तशाच, वली. मग ह्यांनी ती साडी काडली. माजी जुनी. ती टाकायची आत्याबाईंच्या अंगावर, गळ्यापासनं पायापर्यंत, आन खालनं हात घालून समदं करायचं. आन स्वताचं तोंड भिताडाकडं. येवढी वर्सं झाली, आईचं आंग त्यांनी बघितलं न्हाई.”

प्रियंकाला पडद्याच्या फटीतून दिसलं होतं ते हे.

“मग घरी त्या ओरडत नाहीत?” मी विचारलं. “हॉस्पिटलात तर फार ओरडल्या.”

मंगलताईंनी परत दाराकडं पाहिलं.

“घरी ते गोदामावशी व्हत्यात,” त्या म्हणाल्या.

मला कळलं नाही.

“आत्याबाईंची धाकली भन. गोदावरी. मरून लई दीस झालं. पन आत्याबाई सारखी तिचीच वाट बगत्यात. मग हे न्हानीच्या दाराभाईरनं आवाज देत्यात. बाईचा आवाज काडून. आक्का, मी गोदी आली, चल तुला न्हाऊ घालते. आसं. की आत्याबाई गप. येक अक्षर न्हाई. गोदीसंगं गप्पा हानत न्हात्यात.” त्यांनी डोळे पुसले. “दार लावून करत्यात. वरच्या पोरांना ऐकू जाऊ न्हाई म्हनून न्हानीतला नळ सोडून ठिवत्यात. पैलवान मानूस. गावात कळलं तर काय म्हनतील? पन तुमच्या वार्डात येवढ्या बायांच्यात ते कसं बोलनार आसं? म्हनून बोललं नसतील. आन न्हाई बोललं म्हनून ही आरडली.”

जिन्यात पावलं वाजली. रामदासभाऊ दारात उभे होते. किती ऐकलं होतं कुणास ठाऊक. बायकोकडं बघून ते एवढंच म्हणाले, “कशाला सांगितलंस?”

मंगलताईंनी मान खाली घातली. मीही.

माझं तयार भाषण मला आठवेना. मी म्हणाले, “रामदासभाऊ, चुकलं माझं. तसं सगळ्यांसमोर विचारायला नको होतं.”

“तुमी इचारलं ते बराबरच हाय,” ते म्हणाले. “त्या पोरीनंबी केलं ते बराबर. दुसऱ्या कुनी आसं केलेलं दिसलं आसतं, तर मी तर हात उचलला आसता.”

त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

“चला ना मग. आई खात नाहीत. कुणाला जवळ येऊ देत नाहीत.”

“मी न्हाई येनार.” ते शांतपणे बोलत होते. “डाक्टर हायेत, शिस्टर हायेत, तुमी हाय. मी हितं लोकांच्या तोंडाकडं बगू शकत न्हाई, तितं कुटं बगू? काल घरी आलो तवा पारावर चार जन बसलं हुतं. मला बगून गप झालं. आदी कवा गप झालं नव्हतं.”

“आम्ही वॉर्डात सगळ्यांना सांगू की—”

“काय सांगाल? काय सांगनार तुमी?”

खरंच, काय सांगणार होते मी? ‘हे गृहस्थ निर्दोष आहेत’ अशी घोषणा करणार होते? मग जी गोष्ट सांगायची नव्हती ती माझ्या तोंडून गेली.

“त्यांचे हात बांधलेत,” मी म्हणाले.

“कुनाचं?”

“आईंचे. सलाईन काढतात म्हणून. कॉटला.”

ते माझ्याकडं बघत राहिले. नजरेत आरोप नव्हता. जणू मी परक्या भाषेत बोलले आणि ते अर्थ लावत होते. मग ते वळले, आत गेले, आणि बाहेर आले तेव्हा काखेत घडी केलेली जुनी साडी होती. विटक्या हिरव्या रंगाची. अनवाणीच निघाले. चपला तर आमच्याकडंच होत्या.

ते त्यांच्या गाडीवर पुढं, मी स्कूटरवर मागं. हॉस्पिटलात पोचल्यावर मी आधी धावपळ करून स्वतंत्र खोली मिळते का बघितलं. नव्हती. एका खोलीत टीबीचा संशयित होता, दुसरीत ऑपरेशनचा पेशंट. डॉ. अभ्यंकर म्हणाले, “नियम मी बघतो. तुम्ही त्यांना आत न्या.” हे त्यांनी चटकन म्हटलं, हेही नोंदवायला हवं.

दुपारची भेटीची वेळ होती. वॉर्ड भरलेला. प्रियंका होती, बाकीच्यांचे नातेवाईक होते, डबे उघडले होते. रामदासभाऊ आत शिरले आणि वॉर्ड गप्प झाला. पारावर झाला होता तसाच असणार.

आधी त्यांनी आईचे हात सोडले. गाठ पक्की होती, त्यांना दातांनी ओढावी लागली. सोनाबाईंनी डोळे उघडले आणि लगेच अंग आक्रसून घेतलं. “कोन हाय? कोन हाय त्यो?”

ते झटकन पडद्याबाहेर आले. शेंडगे सिस्टरनी पडदा नीट, टोकापर्यंत ओढला. ते माझ्याजवळ येऊन पुटपुटले, “मॅडम, ह्या समद्यांला जरा भाईर काडता येईल का?”

“पेशंटना नाही हलवता येणार. नातेवाइकांना सांगते.”

मी सांगितलं. काही उठले, काही ‘का पण?’ म्हणत बसून राहिले. कारण मी सांगू शकत नव्हते. प्रियंका सगळ्यांत आधी उठली, पण तिच्या आईनं तिचा हात धरून ठेवला. पडद्याच्या आत सोनाबाई कण्हत होत्या. वास येत होता. रामदासभाऊ पडद्याला तोंड लावल्यासारखे उभे होते, वॉर्डाकडं पाठ करून. मानेवरून घाम वाहत होता. किती वेळ उभे होते ते मला सांगता येणार नाही. मला तो फार लांब वाटला. एकदा ते दाराकडं वळलेसुद्धा. मला वाटलं, गेले.

मग आवाज आला.

“आक्का… ए आक्का. मी गोदी आली गं.”

बारीक, किंचित घोगरा, लाडिक आवाज. डोळे मिटून ऐकला असता तर बाईचाच वाटला असता. पण वॉर्डात कुणाचे डोळे मिटलेले नव्हते. ती रुंद पाठ सगळ्यांना दिसत होती.

कुणीतरी हसलं. ती आमचीच एक मावशी होती. शेंडगे सिस्टरनी तिच्याकडं अशी नजर टाकली की ती तोंडावर हात ठेवून बाहेर गेली. हसणं रामदासभाऊंनी ऐकलं होतं. त्यांचे कान आधी लाल झाले, मग मान.

पडद्याआडून सोनाबाई म्हणाल्या, “गोदे? कवा आलीस?”

“आत्ताच आली. यश्टीनं.” ते पडदा बाजूला करून आत गेले. मला मदतीला आत यायची खूण केली. त्यांनी हिरवी साडी आईच्या अंगावर पसरली, कडा नीट खोचल्या आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. “केवडा घाम आलाय तुला. पुसून काडते हां.”

“काड बाई. ह्या बाया लई वंगाळ हायेत गं. मला बांदून घातलं.”

मी पाण्याचं भांडं धरून उभी होते. मी त्या बायांपैकीच एक.

“आता न्हाई बांदत. मी हाय न्हवं.”

साडीखाली त्यांचे हात झपाझप चालत होते. आमच्या मावशींना जे जमलं नव्हतं ते होत होतं, आणि सोनाबाई बहिणीला कुठल्यातरी लग्नातली भांडणं सांगत होत्या. ते “व्हय का?” “आगं बया!” करत होते. बाहेर वॉर्डात चमचासुद्धा वाजत नव्हता.

मध्येच सोनाबाईंनी विचारलं, “आन माजा रामा कुटं हाय गं?”

त्यांचे हात थांबले.

“हाय,” ते म्हणाले. आवाज बाईचाच ठेवला. “हाय गावात.”

“त्याला हितं नगं आनू. पोरानं आईला आसं बगू न्हाई. त्याला लाज वाटंल गं.”

“न्हाई आनत, आक्का.”

“सांग त्याला, आई बरी हाय म्हनावं.”

“सांगते.”

मी भांडं घेऊन बाहेर आले. पाणी बदलायचं निमित्त केलं. पाणी मी नुकतंच बदललेलं होतं.

त्यानंतर सलाईन चाललं. सोनाबाईंनी त्यांच्या हातून पेज खाल्ली. इन्फेक्शन उतरलं तसा भ्रमही बराचसा उतरला, डिमेन्शिया अर्थात होता तिथंच राहिला. हात परत बांधावे लागले नाहीत. ते रोज सकाळी यायचे, पडद्याबाहेर उभे राहायचे, एकदा खोल श्वास घ्यायचे आणि गोदी व्हायचे. ते कधी सोपं झालेलं मला दिसलं नाही. शेवटच्या दिवशीही त्यांचे कान लाल झाले होते.

प्रियंकानं मला जिन्यात गाठलं. “मॅम, मी चूक केली का?”

“नाही.”

“मग मला इतकं वाईट का वाटतंय?”

“मलाही वाटतंय,” मी म्हणाले. “परत असं काही दिसलं तर परत सांगा. पुढचं नीट करणं आमचं काम आहे.”

डिस्चार्जच्या दिवशी तिनं रामदासभाऊंना नमस्कार केला. त्यांनीही हात जोडले, पण थांबले नाहीत. आईला गाडीत बसवलं, हिरवी साडी तिच्या पायांवर घातली आणि गेले.

डॉ. अभ्यंकरांनी नियम बदलला. डिमेन्शियाच्या पेशंटला घरी जो सांभाळतो, तो पुरुष असो की बाई, त्याला वॉर्डात थांबता येतं. काही कॉटचे पडदे अपुरे होते, ते नवीन शिवून घेतले. हसलेल्या मावशीला मी काही बोलले नाही. तिच्या हसण्यानं जास्त नुकसान केलं की माझ्या काउंटरवरच्या प्रश्नांनी, हे मला ठरवता आलं नाही.

फॉलोअपला रामदासभाऊ आले नाहीत. मंगलताई आल्या, रिक्षानं, कमरेला पट्टा बांधून, औषधं लिहून घ्यायला. सोनाबाई घरी ठीक होत्या. पुढंही दर वेळी मंगलताईच येत राहिल्या. एकदा माणच्या बाजारात रामदासभाऊ मला समोरून येताना दिसले. मी हात वर केला. ते पलीकडच्या भाजीवाल्याकडं वळले आणि मी जाईपर्यंत कोथिंबिरीची एक जुडी उलटसुलट करत राहिले.

पुढच्या खेपेला मी मंगलताईंना विचारलंच. “भाऊंना माझा अजून राग आहे का?”

“छ्या! राग न्हाई वो, मॅडम,” त्या म्हणाल्या. “तुमच्यावर कसला राग? तुमी त्यांचा तो आवाज ऐकलाय ना. एवढंच.”

आता डिमेन्शियाचा पेशंट आला की सोबतच्या माणसाला मी माझ्या खोलीत नेते, दार लावते, बसायला खुर्ची देते आणि मग विचारते, घरी अंघोळ कोण घालतं, आणि कशी? उत्तर लगेच येत नाही. बरेच जण आधी “होतं कसंतरी” म्हणतात. मी वाट बघते. आमच्या हॉस्पिटलात दार असलेल्या खोल्या कमी आहेत, पण हे विचारण्यापुरती एक तेव्हाही होती.